दिवाणजी मुंबईत नवे नाहीत

मुंबईला जायचं ठरलं की आमच्या मोहल्ल्यात आधी तिकीट काढत नाहीत, आधी दिवाणजींच्या कानावर घालतात. नाही घातलं तरी त्यांना कळतंच. संध्याकाळी ते आपणहून येतात, ओसरीतल्या खुर्चीवर बसतात, बशीतला चहा फुंकतात आणि विचारतात, "उतरनार कोठी?"

कशाला चाललात, कोणाकडे, किती दिवस, यात त्यांना रस नाही. माणूस कुठे उतरतो यावरून ते त्याची पारख करतात. सीएसएमटी म्हणालात, तर तुम्ही समुद्र पाहायला निघालेले. कल्याण म्हणालात, तर पाहुणे. ठाणे म्हणालात, तर भित्रे. दादर म्हणालात, तरच त्यांच्या मिशीखाली हसू फुटतं आणि ते दुसरा कप घ्यायला तयार होतात.

दिवाणजी म्हणजे राइस मिलचे दिवाणजी. सारी हयात धानाची पोती मोजण्यात आणि खतावणीत गेली. मुंबईला किती वेळा गेले, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. "जानं-येनं असते," एवढंच म्हणतात. बाकी हिशेबाला इतका पक्का माणूस इथेच आकडा गाळतो, यावरून ज्याने त्याने काय ते समजावं.

त्यांचं सारं शास्त्र एका भीतीवर उभं आहे. खिसेकापूंना ते भीत नाहीत, रिक्षावाल्यांना नाही, टीसीलाही नाही. आपल्याकडे पाहून कोणी मनात "हा नवीन दिसतो" म्हटलं तर, या कल्पनेने मात्र त्यांना घाम फुटतो. म्हणून मोठ्या शहरात मान वर करायची नाही. उंच इमारत पाहायचीच असली तर बसल्या जागेवरून, खिडकीतून, उगाच नजर गेल्यासारखी पाहायची. चालायचं भरभर, वाट चुकलेली असली तरी. तोंडावर कंटाळा हवा, कारण मुंबईचा माणूस दिवाणजींच्या पाहण्यात नेहमी कंटाळलेला असतो. आणि विचारायचं नाही. अगदीच अडलं तर तपासायचं. "ही गाडी कुठे जाते हो?" असं नवखा विचारतो. दिवाणजी फलाटावरच्या एखाद्या माणसाजवळ जाऊन, रेल्वेने त्याच कामावर नेमल्यासारखे, खाली आवाजात म्हणतात, "ठाण्याचीच ना?" समोरचा दचकून "हो" म्हणतो. कधी "नाही" म्हणतो. मग दिवाणजी त्याच्यावर नाराज होतात.

गाडीबद्दलचा हा आत्मविश्वास त्यांना लहानपणीच मिळाला आहे. आमच्याकडे तेव्हा अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती. ब्रह्मपुरीवरून जाणारी लाइन नव्वदीत मोठी झाली, पण नागभीडहून नागपूरच्या इतवारीला जाणारी छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरापर्यंत धावत होती. मग तीही मोठी करायला बंद केली. धावत होती हे आपलं म्हणायचं. चढाला लागली की पोरं उतरून बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायची, असं दिवाणजी सांगतात. चालत्या गाडीतून उतरण्याचं शिक्षण त्यांनी इथे घेतलं आणि तेच ते मुंबईच्या लोकलबद्दल शिकवतात. "गाडीच्या दिशेनं पाय टाकायचा, बस्स." वेगाचा उल्लेख त्यांच्या शिकवणीत नसतो.

एक सांगायला हवं. आमची ब्रह्मपुरी स्वतःला खेडं समजत नाही, आणि तिने का समजावं? दवाखाने आहेत, कॉलेजं आहेत. वैनगंगेपलीकडची, वडसा-कुरखेड्याकडची माणसं पेशंट घेऊन येतात, तेव्हा त्यांच्यासाठी शहर म्हणजे ब्रह्मपुरीच. स्टँडवर उतरून ती चहूकडे पाहू लागली की पानठेल्यावरचे दिवाणजी मला कोपर मारतात. "नवीन आहे."

तर माझ्या मावसभावाचं लग्न कंजूरमार्गला निघालं. मी, आई, मावशी आणि दिवाणजी असे चौघं जाणार होतो. दिवाणजींना आमंत्रण होतं का, हे आजवर नक्की झालेलं नाही. पण आम्हाला एकटं सोडणं त्यांच्या मनाला पटणारं नव्हतं. आहेर म्हणून त्यांनी मिलमधून तांदळाचा एक कट्टा आणला. कट्ट्यावर लाल अक्षरांत मिलचं नाव आणि खाली ठळक 'ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर'. निघण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे अक्षरं पायाकडून ठेवत जा. साऱ्याइले दाखवाची गरज नाई."

एसटीने नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूर. या गाडीतले लोक दिघोरी नाका आला की उठायला लागतात. दिवाणजी उमरेड सुटलं की पिशव्या काढतात आणि दारापाशी उभे राहतात. कंडक्टरने दोनदा "बसा ना काकाजी" म्हटलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

गणेशपेठला उतरलो तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसला बराच अवकाश होता. स्टेशन काही फार दूर नाही. सामान रिक्षात टाकलं असतं तर काम झालं असतं. पण रिक्षा नवखा करतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर मेट्रोचे उरलेले दोन टप्पे सुरू झाले; त्यातल्या एकावर कॉटन मार्केटनंतरचं स्टेशन थेट रेल्वेचं. एका स्टेशनाच्या प्रवासासाठी आम्ही कट्टा घेऊन कॉटन मार्केटपर्यंत चालत गेलो, जिने चढलो, आणि तपासणीच्या यंत्रापाशी कट्टा अडला.

"काय आहे यात?" गार्डने विचारलं.

"एचएमटी," दिवाणजी म्हणाले.

गार्डने कट्ट्याकडे पाहिलं, मग दिवाणजींकडे. "इतकी घड्याळं?"

आमच्या भागात हा प्रश्न कोणी विचारला नसता. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांना १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षं निवडल्या, आणि त्यातून जे बारीक, चवदार वाण निघालं त्याला त्या काळच्या मानाच्या घड्याळाचं नाव पडलं. दादाजी २०१८ साली गेले; त्यांचा तांदूळ किती राज्यांत शिजतो याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. हे सगळं गार्डला सांगावं, असं दिवाणजींच्या ओठांवर आलं होतं, ते मला दिसलं. पण सांगितलं असतं तर आपण कुठले ते उघड झालं असतं. "तांदूर," म्हणाले, आणि पुढे झाले.

मेट्रोत भरपूर जागा होती. त्यामुळेच दिवाणजी अस्वस्थ झाले. आयुष्यभराचा त्यांचा अनुभव असा की ज्या गाडीत जागा मिळते, ती आपली गाडी नसते. आई आणि मावशी बसल्या. दिवाणजी खांब धरून उभे राहिले आणि डब्यातल्या दोन कॉलेजच्या पोरांपैकी एकाला म्हणाले, "स्टेशनचीच ना?" पोराच्या कानात बोंड्या होत्या. त्याने हसून अंगठा दाखवला. दिवाणजींनी हे उत्तर धरावं की नाही याचा विचार करेपर्यंत स्टेशन आलं होतं.

रात्रीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दिवाणजी झोपले नाहीत, एवढंच. कसाऱ्यानंतर त्यांनी आम्हाला उठवलं, बिछाने गुंडाळायला लावले आणि दाराशी उभं केलं. कल्याण आलं, गेलं. ठाणे आलं. समोरच्या बर्थवरच्या एका भल्या माणसाने मावशीला विचारलं होतं, कुठे जायचंय. कंजूरमार्ग म्हटल्यावर तो म्हणाला, "मग ठाण्यालाच उतरा की. तिथून कंजूर चौथं स्टेशन."

मावशीने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी बाहेर फलाटाकडे पाहिलं. ठाण्याला खरोखरच पुष्कळ माणसं उतरत होती, ट्रंका, गाठोडी, झोपलेली पोरं घेऊन.

"हे पाहा," दिवाणजी हळूच म्हणाले. "सारे पाहुने."

आम्ही दादरला उतरलो.

दिवाणजींजवळ लाल बासनाची एक छोटी वही आहे. मुंबई तिच्यात आहे. कोणत्या स्टेशनावर कोणता फलाट, जिना कोणत्या हाताला, पूल कुठे संपतो, सगळं मिलच्या अक्षरात, खाली रेघ मारून. दादर ते कंजूर : फलाट १. आता घोळ असा की २०२३ च्या डिसेंबरात दादरच्या फलाटांचे आकडे बदलले. पूर्वी पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा होता, लोक चुकायचे. म्हणून पश्चिमचे आकडे तसेच ठेवून मध्यचे आठपासून पुढे लावले. दादरला चुकणाऱ्या माणसांची सोय झाली. न चुकणाऱ्या दिवाणजींची पंचाईत झाली.

वहीप्रमाणे ते आम्हाला पूल चढवून, सगळे रूळ ओलांडून, थेट पश्चिमेच्या टोकाला एक नंबरवर घेऊन गेले. अर्थात भरभर. कट्टा माझ्या खांद्यावर, अक्षरं मानेकडून. पहाटेच्या फुलबाजाराची वर्दळ होती. झेंडूच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया आमच्या दुप्पट वेगाने जात होत्या. गाडी आली. बोरिवली. दिवाणजींनी ती जाऊ दिली. दुसरी आली. तीही बोरिवली.

"आज बोरिवलीच्या जास्त सोडून रायले," ते म्हणाले.

तिसरी बोरिवली येताना दिसली तशी मावशी उठली. माझी मावशी आयुष्यात तिसऱ्यांदा नागपूरच्या पुढे आलेली, आणि नवी दिसण्याची तिला काही लाज नाही. तिने टोपलीवालीचा पदर धरला. "बाई, कंजूरची गाडी कोठी लागते जी?"

"काकू, ही वेस्टर्न. तुम्ही तिकडे जा, आठ नंबरच्या पुढे." आणि ती बाई थांबून, टोपली सावरत, हाताने पूल दाखवून, वर "कोणाचं लग्न?" असंही विचारून गेली. कट्टा आणि नवी लुगडी पाहून तिने ओळखलं होतं.

"पहाटे पहाटे बदल करतात कधी कधी," दिवाणजी म्हणाले.

पुन्हा पूल. मध्य रेल्वेच्या बाजूला पोचलो तोवर उजाडलं होतं. इंडिकेटरवर गाडी लागली होती. आता मुंबईकरांना हे ठाऊक आहे की मध्य रेल्वेवर कर्जतच्या गाडीला 'एस' आणि कसाऱ्याच्या गाडीला 'एन' लिहितात, आणि ती जलद आहे की धीमी याचं अक्षर वेगळं असतं. दिवाणजींनी वर पाहिलं. एस, आणि त्याच्या शेजारी एफ.

"एस म्हंजे स्लो," त्यांनी आईला समजावलं. "थांबत थांबत जाते."

"अन् एफ?"

"फस्ट क्लासचा डबा आहे म्हन्ते."

सकाळी ठाण्या-कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत गर्दी नसते, सगळी मुंबईकडे येत असते. डबा जवळजवळ रिकामा. मावशी खिडकीशी बसली, आई तिच्या शेजारी. दिवाणजी दारात उभे राहिले, एक हात वरच्या कडीला, डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर कंटाळा. मलाही त्यांनी दारात उभं केलं. दाराच्या आतल्या खांबाशी कट्टा. तेवढ्या मोठ्या डब्यात उभी असलेली माणसं दोन, आणि दोघंही ब्रह्मपुरीची.

मावशीने तोवर समोरच्या नर्सबाईशी ओळख काढली होती. तिची ड्यूटी, तिच्या मुलीची दहावी, तिच्या सासूचे गुडघे, सगळं कुर्ल्यापर्यंत आटोपलं. घाटकोपर सुटल्यावर मावशीने हाक मारली. "अजी दिवाणजी, थे बाई म्हन्ते, फास्ट गाडी आहे मने. कंजूरले थांबत नाई मने."

"थांबन," दिवाणजी मागे न पाहता म्हणाले.

विक्रोळी गेलं. गाडीने वेग घेतला. मग कंजूरमार्ग आलं, म्हणजे पाटी आली, पाटीखाली बाकावर पेपर वाचणारा एक माणूस आला, चहाचा स्टॉल आला, आणि सगळं मागे गेलं. उधारी बाकी असलेला माणूस रस्त्यात दिसावा आणि आपण मान वळवावी, तसं दिवाणजींनी कंजूरमार्ग जाऊ दिलं. भांडुप, नाहूर, मुलुंड त्यांनी डोळे मिटूनच काढली.

गाडी ठाण्याला थांबली. त्याच ठाण्याला. फलाट वेगळा होता, पण ठाणंच. आई काही बोलली नाही. तिचं न बोलणं आमच्या घरात बोलण्यापेक्षा मोठं असतं. दिवाणजींनी कट्टा स्वतः उचलला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि चालू लागले.

"मुद्दामच आनलं," ते जिन्यावर म्हणाले. "ठाण्याहून सुटनारी गाडी धरली का बसाले जागा भेटते. मुंबईचे लोक असंच करतात. उलटं जाऊन सुलटं येतात."

आणि गंमत अशी की हे खरं आहे. सकाळच्या गर्दीत बसायला मिळावं म्हणून उलट्या दिशेने दोन-तीन स्टेशनं मागे जाऊन, गाडी न सोडता परत येणारे मुंबईकर असतात. कुठेतरी हे त्यांच्या कानावर पडलं असणार. दिवाणजींच्या डोक्यात मुंबई पुष्कळ आहे, फक्त ती वेळेवर सापडत नाही. ठाण्याहून सुटणारी धीमी गाडी मिळाली, आईला आणि मावशीला खिडकी मिळाली, मला चौथी सीट मिळाली. दिवाणजी मात्र उभेच राहिले. त्या गाडीत उभे राहायला पुष्कळ सोबत होती, म्हणून खूश होते.

मला त्या सकाळी कळलेली गोष्ट ही की मुंबईत आमच्याकडे कोणी पाहिलंच नाही. फुलवालीने पाहिलं, नर्सने पाहिलं, ते मावशीने त्यांना हाक मारली म्हणून. बाकी लाखो माणसांपैकी एकानेही दिवाणजी नवे की जुने याचा विचार केला नाही. एवढी मेहनत, एवढा कंटाळा तोंडावर आणलेला, आणि बघायला कोणी नाही. ब्रह्मपुरीत नुसता नवा शर्ट घातला तरी पानठेल्यावर चौकशी होते. दिवाणजींना मुंबईची हीच गोष्ट जड जात असावी, पण तसं ते बोलणार नाहीत.

मांडवात नवरदेवाच्या काकांनी विचारलंच, "विदर्भ ठाण्याला थांबते की. तिथेच का नाही उतरलात?"

दिवाणजींनी जिलबीचा तुकडा तोडला. "ठाण्याले पाहुने उतरतात," ते म्हणाले.

त्याच लग्नातला एक पोरगा, नवरदेवाचा मामेभाऊ, पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला. जंगल पाहायला म्हणून. कंजूरचा जन्म, लोकलच्या दारात वाढलेला. डोक्यावर कसल्याशा क्लबची टोपी, हातात मोबाइल. त्याला नागभीडला आत्याकडे जायचं होतं. स्टँडवर येऊन त्याने तीन गोष्टी केल्या : मान वर करून पाटी वाचली, मोबाइलवर एसटी आत्ता कुठपर्यंत आली ते शोधलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "काका, नागभीडची बस किती वाजता आहे?"

पानठेल्यावर दिवाणजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. त्यांनी पान थुंकलं आणि पोराचा दंड धरला.

"किती वाजता असं इचाराचं नाई. पाटी पाहाची नाई. गाडीही पाहू नोको."

"मग?"

"ड्रायव्हर पाह्य." त्यांनी चहाच्या टपरीकडे बोट केलं. खाकीतला एक माणूस बशीतून चहा पीत होता. "थो चहा पिऊन रायला ना, तोवर गाडी जात नाई. थो उठला का गाडी लागली. गाडी लागली का आंधी जागा धराची. रुमाल आहे?"

मुंबईच्या पोराकडे रुमाल कुठला. टिश्यू होते.

ड्रायव्हर उठला. कप ठेवून, बिडी विझवून, तो एका गाडीकडे चालू लागला. स्टँडावरची शंभर माणसं एकदम हलली. दिवाणजींनी क्षणाचाही विचार न करता पोराच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तिसऱ्या खिडकीतून आत फेकली. काय नेम! टोपी बरोब्बर सीटवर पडली. पोरगा थक्क झाला. दिवाणजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, मिशी पुसली.

कंडक्टरने दारात उभं राहून आवाज दिला, "वडसा! वडसावाले बसा!"

ड्रायव्हरची ड्यूटी त्या दिवशी बदलली होती, असं मागून कळलं. गाडी निघाली. तिसऱ्या खिडकीत एक आजीबाई बसल्या होत्या आणि उन्हाची म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर घातली होती. पोरगा गाडीमागे दोन पावलं धावला आणि थांबला.

"काका, माझी कॅप!"

"राहू दे," दिवाणजी म्हणाले. "वडसाहून गाडी उलटी इथूनच नागभीडले जाते. टोपीले जागा भेटलीच आहे, तुले आयती भेटन."

आणि दोघांसाठी चहा सांगितला.